नेपाळची वने आणि युद्धात तगलेली एक संस्था



पर्यावरणाचे रक्षण आणि युद्धानंतरची संस्थाउभारणी हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या व्यासपीठांवर मांडले जातात. पहिल्यात वृक्ष, पाणी आणि माती यांची चर्चा होते; दुसऱ्यात राज्यघटना, निवडणुका आणि न्यायालये यांची. नेपाळ या शेजारी राष्ट्राच्या गेल्या पाच दशकांच्या अनुभवात मात्र हे दोन्ही विषय एकाच ठिकाणी, गुरांच्या चाऱ्याच्या आणि चुलीच्या सरपणाच्या प्रश्नापाशी, एकत्र आलेले दिसतात. तो अनुभव गुणदोषांसह समजून घेण्याजोगा आहे.

२१ नोव्हेंबर २००६ रोजी काठमांडू येथे नेपाळ सरकार आणि माओवादी पक्ष यांच्यात शांतता करार झाला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी रोल्पा, रुकुम, गोरखा आणि सिंधुली या डोंगरी जिल्ह्यांत सुरू झालेले सशस्त्र बंड त्या दिवशी अधिकृतपणे संपले. दहा वर्षांत सुमारे १७ हजार माणसे प्राणास मुकली. तेराशेहून अधिक बेपत्ता झाली. करार झाला तेव्हा नेपाळच्या खेड्यांत लोकांनी निवडलेली एकही शासनसंस्था उरलेली नव्हती. १९९७ साली निवडून आलेल्या गाव विकास समित्यांची मुदत जुलै २००२ मध्ये संपली, त्या वेळी युद्धामुळे निवडणुका झाल्या नाहीत, आणि समित्यांचे सचिव जीव वाचवण्यासाठी जिल्ह्याच्या मुख्यालयी जाऊन राहिले. पुढची स्थानिक निवडणूक २०१७ साली झाली. म्हणजे सलग पंधरा वर्षे गावाला निवडून दिलेला सरपंच नाही, सदस्य नाही, ठराव करणारी सभा नाही.

पण एक सभा भरत होती. ती जंगलाची सभा होती. सामुदायिक वन उपभोक्ता समूह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्था २००६ च्या सुमारास देशात १४ हजारांच्या घरात होत्या. त्यांतील कित्येक समूह युद्धाच्या काळातही वार्षिक सर्वसाधारण सभा बोलवत होते, पदाधिकारी निवडत होते आणि जमाखर्च सभासदांपुढे वाचून दाखवत होते. शांततेच्या काळात नवे नेपाळ उभारू पाहणाऱ्यांना गावपातळीवर जी तयार माणसे मिळाली, त्यांतील पुष्कळ याच सभांतून घडली होती. हे कसे घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

राणा घराण्याच्या शतकभराच्या राजवटीत नेपाळमधील वने आणि जमिनी यांचा मोठा भाग बिर्ता म्हणून, म्हणजे करमाफ इनाम म्हणून, राणा कुटुंबीयांच्या व त्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या हाती गेला होता. डोंगरी गावांत मात्र कागदावरचा मालक कोणीही असो, वापराचे नियम स्थानिकच असत. काही ठिकाणी प्रत्येक घराने ठराविक माप धान्य देऊन रानाचा राखणदार ठेवण्याची रीत होती. माना आणि पाथी या धान्याच्या मापांवरून तिला मानापाथी म्हणत. १९५१ मध्ये राणाशाही संपली आणि १९५७ साली खाजगी वनांचे राष्ट्रीयीकरण करणारा कायदा झाला. राणांच्या हातून वने काढून घेण्याचा त्याचा हेतू उघड होता. परिणाम मात्र असा झाला की गावाने राखलेले रानही कायद्याच्या दृष्टीने सरकारी ठरले, आणि ते राखायला सरकारपाशी माणसे नव्हती. या कायद्यामुळेच डोंगर उघडे पडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. असा कायदा झाल्याची खबर कित्येक गावांना वर्षानुवर्षे नव्हती, असे ते दाखवून देतात. दोन्ही गोष्टींत तथ्य असावे. इतके मात्र निश्चित, की १९७० च्या दशकापर्यंत वन खात्याचा माणूस म्हणजे दंड करणारा माणूस, अशी त्याची गावात ओळख झाली होती.

त्याच दशकात जगभर नेपाळच्या जंगलांविषयी मोठी धास्ती व्यक्त होऊ लागली. इ. स. २००० पर्यंत डोंगरी भागात पोहोचण्याजोगे जंगल उरणार नाही, असे भाकीत जागतिक बँकेच्या अहवालात करण्यात आले. हिमालयातील शेतकरी झाडे तोडतो, त्यामुळे माती वाहून जाते आणि गंगेच्या खोऱ्यात पूर येतात, ही साखळी तेव्हा जवळजवळ सर्वमान्य होती. १९८० च्या दशकात संशोधकांनी तिच्यावर आक्षेप घेतले. माणशी सरपणाचा वापर किती, याविषयी निरनिराळ्या पाहण्यांत आलेल्या आकड्यांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यात ६७ पटींचे अंतर निघाले. एवढ्या डळमळीत पायावर एका देशातील गरीब शेतकऱ्याला दोषी ठरवले गेले होते, ही बाब आजही विचारात घेण्यासारखी आहे. तथापि या धास्तीचा एक उपयोग झाला. जंगल वाचवण्यास खात्याचे बळ अपुरे आहे, हे सरकारने मान्य केले.

काठमांडूच्या ईशान्येस असलेल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात याची वाट आधीच पडली होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील वन अधिकारी टी. बी. एस. महत यांनी ठोकर्पा या गावच्या पंचायतीला बरोबर घेऊन वनरक्षणाचा प्रयोग सुरू केला. वरून आदेश नव्हता. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने आणि गावाने आपसांत ठरवलेली ती व्यवस्था होती. १९७६ च्या राष्ट्रीय वन योजनेत आणि १९७८ च्या पंचायत वन नियमांत हीच कल्पना सरकारी भाषेत आली. मात्र त्या नियमांत एक मोठी उणीव राहिली. वन सोपवले गेले पंचायतीकडे, आणि पंचायत हा राजकीय व प्रशासकीय घटक होता. एखाद्या रानाचे सरपण दोन पंचायतींतील घरे नेत असत. उलट त्याच पंचायतीतल्या पलीकडच्या वस्तीचा त्या रानाशी काही संबंध नसे. ज्यांचा जंगलाशी रोजचा व्यवहार, त्यांच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हाती होता, त्यांना जंगलाची फारशी गरज नव्हती.

१९९० च्या जनआंदोलनानंतर बहुपक्षीय लोकशाही परत आली आणि १९९३ च्या वन कायद्याने ही उणीव दूर केली. या कायद्याचा गाभा साधा आहे. जमिनीची मालकी सरकारचीच राहील. परंतु एखाद्या रानाचा प्रत्यक्ष वापर करणारी घरे एकत्र येऊन समूह स्थापन करतील, स्वतःचे विधान तयार करतील, कोणत्या भागात काय व किती तोडायचे याची कार्ययोजना आखतील, आणि जिल्हा वन अधिकाऱ्याने ती मंजूर केली की रानाचा कारभार समूहाकडे जाईल. समूह ही स्वतःची मुद्रा असलेली, खटला भरू शकणारी व जिच्यावर खटला भरता येईल अशी स्वायत्त संस्था असेल. वनोपजाचा भाव समूह ठरवेल. मिळकत समूहाच्या खात्यात जमा होईल. तिच्यातील किमान चौथा हिस्सा वनाच्या जोपासनेवर खर्च करायचा, उरलेल्या रकमेतून गावाची कामे करायची.

येथे महाराष्ट्रातील श्रोत्यांना गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भारताच्या २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तोही जिल्हा सशस्त्र संघर्षाने दीर्घकाळ होरपळलेला. दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. मेंढा-लेख्याला मिळाला तो पूर्वापार चालत आलेल्या वहिवाटीचा मान्य झालेला हक्क. नेपाळमधील समूहाला मिळतो तो कराराने सोपवलेला कारभार. हक्क सहजी काढून घेता येत नाही. कराराचे नूतनीकरण मात्र करावे लागते, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे नेपाळच्या समूहांचे आजचे दुखणे बरेचसे या फरकातच आहे.

समूहाचे रोजचे कामकाज कसे चालते, हे पाहिल्याशिवाय त्याच्या चिवटपणाचे कारण कळत नाही. वर्षातील ठराविक दिवसच रान सरपणासाठी उघडले जाते. वाळलेली लाकडे, छाटणीच्या फांद्या, गोठ्यात अंथरायचा पाला, गुरांचे गवत यांचे दर घरामागे प्रमाण ठरलेले असते. घर बांधायचे असेल तर इमारती लाकडासाठी अर्ज करावा लागतो. कोणाचे घर जळाले अथवा कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर लाकूड कोणत्या दराने किंवा विनामूल्य द्यायचे, हेही विधानात लिहिलेले असते. चोरून झाड तोडल्यास दंड होतो. चर्चा व निर्णय नोंदवहीत लिहिले जातात आणि उपस्थितांच्या सह्या, अंगठे घेतले जातात. साठलेल्या पैशातून शाळेची खोली, नळाचे पाणी, पायवाट, लहान कर्ज अशी कामे होतात. यात दिपवून टाकणारे काही नाही. परंतु ज्यांनी कोणतीही सार्वजनिक संस्था चालवली आहे, त्यांना हे ठाऊक असते की वेळेवर बोलावलेली सभा, लिहिलेली नोंद आणि सर्वांसमक्ष वाचलेला हिशेब या तीन गोष्टींवर संस्थेची विश्वासार्हता उभी राहते. नेपाळी खेड्यातील अनेकांनी, विशेषतः स्त्रियांनी, चारचौघांत उभे राहून प्रश्न विचारण्याचा पहिला अनुभव याच सभेत घेतला.

१९९५ साली या समूहांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी बंडाला तोंड फुटले. त्यामुळे या चळवळीचे तारुण्य आणि यादवीचा काळ एकच ठरतो.

युद्धात जंगल हे दोन्ही बाजूंचे रणक्षेत्र झाले. बंडखोर रानात आश्रय घेत. म्हणून सुरक्षा दलांनी ठिकठिकाणी ग्रामस्थांना रानात जाण्यास मज्जाव केला. माओवादी आपल्या ताब्यातील भागात वनोपजावर कर बसवत, समूहाच्या निधीतून वर्गणी मागत आणि आपल्या समांतर सरकारकडे नोंदणी करण्याचा आग्रह धरत. वन खात्याच्या चौक्या ओस पडल्या, काही उद्ध्वस्त झाल्या. सरपणासाठी गेलेली बाई बंडखोरांना अन्न पोहोचवते की काय, अशी शंका सैनिकाला यावी, आणि मुख्यालयी कागद घेऊन गेलेला अध्यक्ष खबर देऊन आला काय, असा संशय माओवाद्याला यावा, अशी ती स्थिती. समूहाच्या पदाधिकाऱ्यांना दोन्हीकडे जाब द्यावा लागे.

असे असूनही संस्था का मोडली नाही? याची कारणे शोधताना उगाच भाबडे होऊ नये. सर्व समूह तगले नाहीत. काहींचा निधी गेला, काहींच्या सभा वर्षानुवर्षे झाल्या नाहीत. तरी जे तगले त्यांच्याविषयी काही गोष्टी स्पष्ट दिसतात. एक म्हणजे हे समूह सरकारी अनुदानावर जगत नव्हते. अनुदान थांबल्याने गाव विकास समितीचे काम थांबले; समूहाचा पैसा त्याच्याच रानातून येत होता. दुसरे असे की सदस्यत्व घराचे होते, पक्षाचे नव्हते. एकाच समूहात काँग्रेसचे घर, एमालेचे घर आणि ज्याचा मुलगा माओवाद्यांच्या सैन्यात गेला आहे असेही घर असे, आणि तिघांच्याही गोठ्यात गुरे होती. बंडखोरांनी गाव विकास समित्यांच्या इमारती पाडल्या, कारण ते राज्यसत्तेचे प्रतीक होते. वनसमूह मोडला असता तर त्यांच्याच समर्थकांची चूल विझली असती. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांनी समूहावर कर लादला, त्याच्यावर वचक ठेवला, परंतु त्याला चालू दिले. राज्यसंस्था मागे हटली असताना भांडण मिटवायला, नळाचे पाणी आणायला, शिक्षकाचा पगार भागवायला गावाच्या हाती हीच एक व्यवस्था राहिली.

१ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सर्व सत्ता आपल्या हाती घेतली, तेव्हा समूहांच्या महासंघाने लोकशाहीची बाजू घेतली. एप्रिल २००६ च्या जनआंदोलनात त्याचे सभासद रस्त्यावर होते. वनांची संघटना राजकारणात उतरली, याबद्दल तेव्हा नाराजी व्यक्त करणारेही होते. पण निवडणूक आणि सभा यांच्या आधारे उभी असलेली संघटना निवडणुका व सभा बंद करणाऱ्या सत्तेविरुद्ध उभी राहिली, यात विसंगती शोधणे कठीण आहे.

करारानंतर देशपातळीवर ज्या संस्था उभारायच्या ठरल्या, त्यांची कहाणी विलंबाची आहे. संविधान सभा २००८ मध्ये निवडली गेली, ती संविधान न करताच २०१२ मध्ये विसर्जित झाली. दुसऱ्या संविधान सभेने सप्टेंबर २०१५ मध्ये संविधान जाहीर केले. सत्य निरूपण आयोग आणि बेपत्ता व्यक्तींचा आयोग करारानंतर नऊ वर्षांनी, २०१५ साली, नेमले गेले. त्यांच्याकडे हजारो तक्रारी साठल्या, पण पीडितांना निर्णय मिळाले नाहीत. संबंधित कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. ज्या आईचा मुलगा २००१ मध्ये घरातून नेला गेला, तिला त्याचे काय झाले याचे उत्तर इतक्या वर्षांनीही मिळू नये, ही या शांततेची सर्वांत मोठी त्रुटी होय. वनसमूह ती भरून काढू शकत नाहीत. एवढेच म्हणता येते, की पीडित घर आणि ज्याच्यावर त्या घराचा संशय आहे ते घर पुष्कळदा एकाच समूहात आहेत, आणि सरपणाच्या दिवशी दोघांनाही एकाच पायवाटेने वर चढावे लागते. याला सलोखा म्हणावे की नाइलाज, हे बाहेरच्याने ठरवू नये.

या संस्थेचे दोषही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक समित्यांवर उच्चवर्णीय, जमीनधारक पुरुषांचे वर्चस्व होते. जंगल राखायचे म्हणून ते बंद केले जाई. ज्याच्या बांधावर स्वतःची झाडे आहेत त्याचे त्यावाचून अडत नसे, पण भूमिहीन दलित कुटुंबाला आणि रोज सरपण आणणाऱ्या बाईला त्याची झळ बसे. लोखंडकाम करणाऱ्या कामी समाजाला भट्टीसाठी लाकडी कोळसा लागतो. तो करण्यावर अनेक समूहांनी बंदी घातली, कारण नियम करणाऱ्यांत कामी नव्हते. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात व नेपाळ येथील वनसमित्यांचा प्रदीर्घ अभ्यास करून २०१० साली तो ग्रंथरूपाने मांडला. ज्या समित्यांत स्त्रियांची संख्या पुरेशी होती, तेथे वनाची स्थिती अधिक सुधारलेली त्यांना आढळली. मात्र एखाद-दुसरी स्त्री नेमून हा फरक पडत नाही, साधारण चौथा ते तिसरा हिस्सा स्त्रिया असाव्या लागतात, असेही त्यांनी दाखवले. युद्धाने हे प्रश्न ऐरणीवर आणले. २००९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत समितीवर निम्म्या स्त्रिया असाव्यात, अध्यक्ष आणि सचिव यांपैकी एक स्त्री असावी, आणि मिळकतीचा किमान ३५ टक्के भाग गरीब कुटुंबांसाठी खर्च व्हावा, अशी तरतूद आली. कागदावरील निम्म्या स्त्रिया सर्व ठिकाणी बोलतात असे नाही. परंतु २०१७ साली ७५३ पालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सुमारे ३५ हजार प्रतिनिधींत चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया निवडून आल्या, तेव्हा त्यांतील अनेकींना अध्यक्षस्थान, ठराव व हिशेब हे शब्द नवे नव्हते. दीर्घ काळ निवडणूक न पाहिलेल्या देशात ही पूर्वतयारी फार मोलाची ठरली.

जंगलाचे काय झाले? उपग्रहचित्रांच्या आधारे झालेल्या एका अभ्यासानुसार १९९२ साली देशाच्या २६ टक्के भूमीवर वन होते, ते २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेले. २०१५ च्या सरकारी पाहणीतही झुडपी रानासह हे प्रमाण सुमारे ४५ टक्केच येते. हा उपग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांत जेफरसन फॉक्स हे भूगोलाचे अमेरिकन अभ्यासक होते. १९८० च्या सुमारास ते गोरखा जिल्ह्यातील भोगटेनी या गावी राहिले होते आणि तेव्हा त्यांनी ओरबाडलेले, खुरटलेले रान पाहिले होते. १९९० मध्ये ते परत गेले, तर तेच रान भरून आलेले दिसले. याचे सारे श्रेय समूहांना देणे बरोबर होणार नाही. गावातील तरुण परदेशी गेले, गुरे कमी झाली, टोकाची शेते पडीक राहून त्यांवर झाडे वाढली, हेही खरे आहे. आज देशात २२ हजारांहून अधिक समूह असून त्यांच्याकडे २२ लाख हेक्टरांहून अधिक वन आहे. जे जंगल इ. स. २००० पर्यंत नाहीसे होणार होते, त्याची ही गणना.

या राखलेल्या रानाची कसोटी २५ एप्रिल २०१५ रोजी लागली. भूकंपात सुमारे ९ हजार माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक मृत्यू सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, म्हणजे ठोकर्पाच्या जिल्ह्यात, झाले. तात्पुरता निवारा आणि पुढे घरांची फेरबांधणी यांसाठी समूहांनी आपल्या रानातून लाकूड दिले. चाळीस वर्षांपूर्वी उजाड असलेल्या उतारांवर तुळया-वासे मिळाले, हे त्या जिल्ह्यातील जुन्या माणसांनी पाहिले.

यानंतरचा भाग मात्र चिंतेचा आहे, आणि तो युद्धातून नव्हे तर शांततेतून उद्भवलेला आहे. संस्था संकटात टिकली, म्हणजे सुबत्तेत टिकेलच असे नाही. तराईतील साल व खैर यांचे लाकूड मौल्यवान. युद्ध चालू असतानाच सरकारने तेथील समूहांच्या मिळकतीतील मोठा वाटा मागितला होता, आणि महासंघाने त्याला विरोध केला होता. संघराज्य आल्यावर मागणारे तीन झाले. संघ सरकार, प्रदेश सरकार आणि पालिका अशा तिन्ही पातळ्यांवर वनोपजाच्या विक्रीतून हिस्सा अथवा कर अपेक्षिला जाऊ लागला. २०१९ च्या नव्या वन कायद्याने समूहाचा दर्जा कायम ठेवला, परंतु वनविकासाचा चौथा हिस्सा काढल्यावर उरलेल्या निधीच्या निम्म्याचा विनियोग पालिकेशी समन्वय साधून करावा, असे म्हटले. निवडून आलेल्या पालिकेला आपल्या हद्दीतील वनावर अधिकार हवासा वाटणे गैर नाही. पण पंधरा वर्षे पालिका नसताना ज्यांनी गाव चालवले, त्यांना आता पालिकेच्या दारी परवानगीसाठी उभे राहावे लागते, हे त्यांच्या पचनी पडत नाही, यातही नवल नाही.

त्याहून खोल अडचण माणसांची आहे. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चतुर्थांश रक्कम परदेशी गेलेल्यांच्या पाठवणीतून येते. आखाती देश, मलेशिया, भारत येथे तरुण गेले. गावात वृद्ध, स्त्रिया व मुले राहिली. घरोघर गॅसचे सिलिंडर आले, गुरे घटली, गोठ्यात अंथरायचा पाला कोणी नेईना. जंगलाची रोजची गरज ही या संस्थेची नाळ होती. ती सैल झाली. पाला न उचलल्यामुळे रानात सुक्या पानांचा थर साठतो आणि वणवा पेटला की आवरत नाही. २०२१ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात नेपाळच्या डोंगरांत मोठे वणवे लागले. विझवायला जाणाऱ्यांत पन्नाशीच्या बायाच अधिक असाव्यात, अशी कित्येक गावांची स्थिती आहे. दाट झालेल्या रानातून माकडे शेतात उतरतात, बिबटे गोठ्यापर्यंत येतात. रान राखल्याबद्दल गावाला मिळालेले हे फळ पाहून रानाविषयीची आस्था कमी होते, अशी तक्रार आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनाचा भडका उडाला, संसद भवन व सिंहदरबार यांना आगी लागल्या आणि सरकार कोसळले. राजधानीतील संस्थांविषयीचा अविश्वास किती साचला होता, हे त्यातून जगाला दिसले. त्या तरुणांतील पुष्कळांचे आईवडील डोंगरातील कोणत्या ना कोणत्या वनसमूहाचे सभासद असतील. परंतु शहरात वाढलेल्या किंवा परदेशाची वाट पाहणाऱ्या या पिढीने ती सभा पाहिलेली नाही.

आज समूहांपुढील सर्वांत निकडीचे काम कागदी वाटावे असे आहे. कार्ययोजनेची मुदत असते. ती संपली की नूतनीकरण होईपर्यंत रानातून काहीही नियमित काढता येत नाही. नूतनीकरणासाठी झाडांची मोजणी लागते, तंत्रज्ञ लागतो, त्याचा खर्च लागतो, आणि मोठ्या प्रमाणावर तोड करायची असेल तर पर्यावरणीय तपासणीही लागते. श्रीमंत समूहाला ते परवडते. उंच डोंगरातील, चीड व कटुस यांच्या साध्या रानाच्या समूहाला परवडत नाही. मुदत संपलेल्या योजनांचे समूह अनेक जिल्ह्यांत आहेत. वन खात्याकडे मनुष्यबळ कमी, पालिकेकडे वनाचे ज्ञान कमी, आणि महासंघाकडे पैसा कमी. त्यामुळे युद्धात ज्यांच्या सभा थांबल्या नाहीत, अशा काही समूहांची नोंदवही आता एका मंजुरीच्या सहीसाठी जिल्ह्याच्या कार्यालयात पडून असते, आणि ती आणायला अध्यक्षबाईंना दिवसभराची पायपीट करून पुन्हा पुन्हा खाली उतरावे लागते.